कारची बॅटरी: घरी स्वतः बदलायची की मेकॅनिकला द्यायची?

सकाळी घाईत सेल्फ मारला, इंजिन काही बोललं नाही, नुसतं टक टक टक आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. लगेच आपण म्हणतो बॅटरी गेली. जाऊ शकते, पण नवी आणायच्या आधी दहा मिनिटं घालवा, कारण अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चार्जच करत नसेल तर तुम्ही बदला नाहीतर मेकॅनिकने बदला, नवी बॅटरीही चार दिवसांत अशीच झोपणार.

व्होल्ट मोजायचा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना टर्मिनलवर १२.६ व्होल्टच्या आसपास आलं तर बॅटरी फुल आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे रिकामीच धरा. मग जंपस्टार्ट करून (दुसऱ्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू करून) इंजिन चालू ठेवून परत बघा, आता १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे. (नव्या गाड्यांमध्ये अल्टरनेटर मुद्दाम व्होल्टेज कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावरून निकाल देऊ नका.) आणि टर्मिनलवर पांढरी-हिरवट पावडर साठली असेल तर ती आधी साफ करून बघा, कित्येकदा दुखणं तेवढंच असतं. रात्री केबिन लाइट चालू राहिला असेल तर चार्जर लावा, बॅटरी कशाला बदलताय.

हे सगळं करून बॅटरीच गेलीये असं ठरलं तर मग खरा प्रश्न येतो, घरी की बाहेर.

आमच्या घरात हा प्रश्न एकाच महिन्यात दोनदा आला. माझी जुनी हॅचबॅक, बोनेट उघडलं की बॅटरी समोरच, दोन टर्मिनल, खाली एक क्लॅम्प, बस. आणि मेव्हण्याची नवी गाडी, सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद होतं ती स्टार्ट-स्टॉपवाली, बॅटरी डिकीत फ्लोअरखाली. माझी मी घरी बदलली, त्याच्या गाडीला हात लावला नाही, आणि तो अजून मला म्हणतो की तू घाबरलास. घाबरलो नव्हतो रे बाबा, गाडीच वेगळी होती.

माझ्यासारखी गाडी असेल तर काम अर्ध्या-पाऊण तासाचं आहे. १० नंबरचा पाना बहुतेक टर्मिनलना चालतो, क्लॅम्पला थोडा मोठा आणि लांब दांड्याचा सॉकेट लागतो. रबरी किंवा जाड हातमोजे, चष्मा, हातातली अंगठी-कडं-घड्याळ काढून बाजूला. हे शेवटचं लोक हसण्यावारी नेतात. अंगठी पाना आणि बॉडीच्या मधे सापडली तर ती क्षणात लाल होते आणि बोटातून निघत नाही.

आता क्रम. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. लावताना आधी पॉझिटिव्ह, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. हे पाठ करण्यापेक्षा कारण समजून घ्या, मग विसरायला होत नाही: गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्हची वायर जागेवर असताना तुम्ही पॉझिटिव्हवर पाना फिरवायला लागलात आणि पान्याचं दुसरं टोक कुठेही पत्र्याला टेकलं, की सरळ शॉर्ट, शेकड्यांनी अँपिअर त्या पान्यातून. निगेटिव्ह आधी काढलेली असेल तर मग पाना बॉडीला लागला तरी काही होत नाही, सर्किटच पूर्ण होत नाही ना.

मला हे कसं कळलं विचाराल तर पूर्वी एकदा अंधारात, मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून आधी पॉझिटिव्हला हात घातला होता. फाट् असा आवाज, निळसर ठिणगी, जळक्या लोखंडाचा वास. बॅटरीला काही झालं नाही, मलाही नाही, पण तो पाना अजून माझ्याकडे आहे आणि त्याच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा आहे, लोखंड वितळून गेलेलं. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने पेट घेऊ शकतो. बॅटरी फुटली तर सोबत सल्फ्युरिक अ‍ॅसिड तोंडावर. म्हणून चष्मा, म्हणून उघड्या हवेत काम, आणि म्हणून बॅटरीजवळ विडी-काडी अजिबात नाही. अ‍ॅसिड अंगावर उडालं तर भरपूर साध्या पाण्याने धूत राहायचं, डोळ्यात गेलं तर धूत धूतच डॉक्टरकडे.

उरलेलं काम रटाळ आहे. बॅटरी जड असते, साधारण १२ ते २० किलो, आणि तुम्ही वाकून हात लांब करून उचलता म्हणजे कंबरेला ती दुप्पट वाटते. हँडल असेल तर हँडलने, नसेल तर खालून दोन्ही हातांनी, वाकडी न करता. ट्रे खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्या, फेस येणं थांबलं की अ‍ॅसिड मेलं. नवी ठेवली की क्लॅम्प घट्ट करा, टर्मिनल हाताने हलवून बघा हलतंय का, आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली.

गॅरेजला दिलं की हे सगळं बिनचूक होतं असंही नाही हं. एकदा एका गॅरेजमधून बॅटरी बदलून आणली आणि दोन दिवसांनी प्रत्येक खड्ड्याला बोनेटखाली धप्प आवाज. उघडून बघतो तर क्लॅम्पचा बोल्टच नाही, बॅटरी ट्रेमध्ये मोकळी नाचतेय. हादऱ्यांनी आतल्या प्लेट झडतात आणि बॅटरी वेळेआधी मरते, ते वेगळंच. तेव्हापासून बाहेरून काम करून आणलं तरी बोनेट उघडून बघतो.

आता मेव्हण्याची गाडी. तिथे माझं मत उलटं का, तर चार कारणं एकावर एक येतात.

पहिलं म्हणजे बॅटरीचा प्रकार. स्टार्ट-स्टॉपला साधी बॅटरी चालत नाही, तिथे एजीएम किंवा ईएफबी लागते. एजीएममध्ये अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या मॅटमध्ये शोषलेलं असतं, ईएफबी म्हणजे पाणीवालीचीच जास्त दणकट आवृत्ती. एजीएमच्या जागी स्वस्तातली साधी टाकली तर गाडी चालू होईल, त्या दिवशी तुम्ही खूशही व्हाल, पण दिवसभर सिग्नलवर चालू-बंद चालू-बंद सोसायची ताकद तिच्यात नसते आणि ती लवकर बसते. दुकानात जाताना जुन्या बॅटरीच्या लेबलचा फोटो घेऊन जा, कोणतीही गाडी असू दे. आकार, अँपिअर-अवर (म्हणजे क्षमता), प्लस कुठल्या बाजूला, सगळं जुळलं पाहिजे. ३८बी२०एल असं लिहिलेलं असेल तर त्यातला २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनलची बाजू. उलट्या बाजूची आणली की वायर पोचत नाही, आणि ओढून-ताणून पोचवायला गेलात की उलटी जोडायची भीती. उलटं कनेक्शन म्हणजे फ्यूज, अल्टरनेटरचे डायोड, कधी कंट्रोल युनिट पण.

दुसरं, नोंदणी. बीएमडब्ल्यू, ऑडीसारख्या बऱ्याच गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, गाडी बॅटरीचं वय लक्षात ठेवून चार्जिंग ठरवते. नवी टाकल्यावर स्कॅन टूलने तिला सांगावं लागतं की बॅटरी बदलली, नाहीतर ती नव्या बॅटरीला म्हातारी समजूनच चार्ज करत राहते. ते टूल माझ्याकडे नाही.

तिसरं, जागा. डिकीत किंवा सीटखाली बॅटरी असेल तर तिला गॅस बाहेर सोडणारी एक बारीक नळी असते. नवीन लावताना ती नळी परत जोडायची राहिली तर गॅस केबिनमध्ये. दिसायला एवढीशी नळी, म्हणूनच विसरते.

चौथं कारण थोडं गमतीचं आहे पण ज्याच्यावर येतं तो हसत नाही. डिकीचं लॉक इलेक्ट्रिक असेल, बॅटरी डिकीत, तुम्ही वायर काढली आणि वाऱ्याने डिकी बंद झाली. आता उघडा! म्हणून असं काम कुणीही करत असलं तरी किल्ली खिशात, एक काच खाली, डिकीच्या लॉकजवळ फडक्याचा बोळा.

याच्या मधला एक पर्याय आहे तो लोक विसरतात, मेकॅनिक घरी बोलवायचा. गाडी चालूच होत नसेल तर गॅरेजला न्यायची कशी हा प्रश्न असतोच, जंपस्टार्ट करून वाटेत बंद पडली तर आणखी फजिती. येणारा माणूस बॅटरी घेऊन येतो, जुनी घेऊन जातो, तुम्ही बाजूला उभं राहून बघता. जिथे पॉझिटिव्ह टर्मिनलवरच फ्यूज बॉक्स बसवलेला असतो तिथे मी हेच सुचवेन, कारण त्याची प्लॅस्टिकची क्लिप जुनी झालेली असते, जोर लावला की कडकन् तुटते. फक्त फोनवर आधीच विचारा की एजीएम आहे का आणि कोडिंग, म्हणजे वर सांगितलेली नोंदणी, करता का, नाहीतर येऊन परत जाईल.

वायर काढल्यावर घड्याळ, रेडिओ स्टेशनं, काचांचं वन-टच हे बहुतेक गाड्यांत पुसलं जातं. काचेचं बटण वर धरून ठेवलं की बऱ्याचदा परत शिकतं. रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा. हे पुसलं जाऊ नये यासाठी ओबीडी सॉकेटला (स्कॅन टूल जोडतात त्या सॉकेटला) लावायचा मेमरी सेव्हर मिळतो, गॅरेजवाले तो सर्रास वापरतात, पण घरी पहिल्यांदा करणाऱ्याने तो लावूच नये असं मला वाटतं. तो लावला की पॉझिटिव्हची मोकळी वायरसुद्धा जिवंत राहते आणि ती पत्र्याला टेकली की परत तेच फाट्.

हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर १२ व्होल्टची बॅटरी बदलण्याआधी मॅन्युअल वाचा, आणि नारिंगी वायरच्या जवळपासही जाऊ नका, ते हाय व्होल्टेज.

जुनी बॅटरी कुठल्याही मार्गाने निघाली तरी दुकानालाच परत द्या, आत शिसं आणि अ‍ॅसिड आहे, कचऱ्यात जात नाही. नेताना उभी ठेवा, टर्मिनलवर टेप लावा. मी एकदा डिकीत आडवी टाकली होती, थोडंसंच सांडलं होतं, पण खालच्या कार्पेटला महिनाभरात भोक पडलं.