रॉक्सडीबी दोन डिस्कवर: दोन हंगाम चालवून सांगतो

लातूरकडच्या एका कारखान्याच्या ऊसवाहतुकीचा जीपीएस डेटा आम्ही सांभाळतो, हंगामात चारेकशे गाड्या, दर 10 सेकंदाला एक पिंग, आणि मशीन तेच जुनं, छोटी एसएसडी (वेगवान डिस्क) अन् 2 टीबीची हार्डडिस्क. डेटा ठेवतो रॉक्सडीबीत. शेतकी विभागाला आजचंच लागतं, "गाडी कुठवर आली" एवढंच, मागच्या सालचं फक्त वाहतुकीच्या बिलावरून भांडण लागलं की निघतं.

रॉक्सडीबी म्हणजे गुगलच्या लेव्हलडीबीवरून फेसबुकवाल्यांनी काढलेली, डेटा साठवायची लायब्ररी. त्यात डीबी पाथ्स नावाचं सेटिंग आहे, डिस्कांची यादी द्यायची अन् कुणावर किती जीबी ते सांगायचं, नवा डेटा पहिल्या डिस्कवर राहतो आणि जुना हळूहळू पुढच्या डिस्कवर सरकतो. ऐकायला लै भारी.

पण मी एसएसडीला 60 जीबी दिले तर ती अर्धीसुद्धा भरंना! दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळालं की जुनं-नवं हे तारखेवरून ठरतच नाही, लेव्हलवरून ठरतं (लेव्हल म्हणजे डेटाचे थर, नवा डेटा वरच्या छोट्या थरात येतो अन् खालच्या मोठ्या थरांत सरकतो), अन् अख्खी लेव्हल बसत असेल तरच ती त्या डिस्कवर जाते. डिफॉल्टला पहिली लेव्हल 256 एमबी, पुढची प्रत्येक दहापट, म्हणजे तिसरी 25 जीबीच्या आसपास आणि चौथी थेट 250, ती कुठं बसायली 60 मध्ये, गेली हार्डडिस्कवर. मी बेस, म्हणजे पहिली लेव्हल, 400 एमबी केला, तिसरी लेव्हल 40 जीबीवर गेली, आता जागा कामाला येतीय. अजून ताणता आलं असतं, पण कॉम्पॅक्शनमध्ये, म्हणजे फाइली एकत्र करून खालच्या लेव्हलला नेताना, जुन्या फाइली पुसायच्या आधी नव्या तयार होतात, म्हणून थोडी मोकळी ठेवली. सेटिंग बदललं की फाइली लगेच उठून जात नाहीत बरं का, कॉम्पॅक्शन होईल तसतशा जातात.

दुसरी चूक माझीच. डेटाबेसचं मुख्य फोल्डर हार्डडिस्कवर ठेवलं होतं, त्यामुळं राइट-अहेड लॉग (प्रत्येक नोंद आधी जिथं लिहिली जाते ती फाइल) पण तिथंच, डीबी पाथ्समध्ये फक्त एसएसटी, म्हणजे लेव्हलमधल्या डेटाच्या फाइली येतात ना. संध्याकाळी गाड्यांची लाइन लागली की डिस्कची नुसती किरकिर. लॉगचा पाथ वेगळा देऊन एसएसडीवर नेला, किरकिर बंद.

आणि दोन डिस्क म्हणजे दोन कॉप्या नव्हं, एक गेली की डेटाबेस गेला, बॅकअप तिसरीकडंच घ्या.

माझ्याकडून पाचपैकी चार. मागच्या हंगामातल्या एका गाडीचा महिनाभराचा ट्रॅक काढायला हार्डडिस्क वेळ लावतीच, पण भांडायला आलेला मुकादम तोवर चहा पितो.