जुन्या बिअर-कॅनची किंमत आणि ई-बेवरील ‘विकलेल्या वस्तू’

जुन्या अमेरिकन बिअर-कॅनचे भाव सांगणाऱ्या संकेतस्थळांची वानवा नाही; परंतु त्यांपैकी बहुतेक ठिकाणी दिसतो तो विक्रेत्याने मागितलेला भाव, आणि मागितलेल्या व प्रत्यक्षात पदरात पडलेल्या भावांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. यावर फुकट आणि हाताशी असलेला उपाय म्हणजे ई-बे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरील शोधात ‘विकलेल्या वस्तू’ एवढाच पर्याय निवडणे. किंमत ठरवण्यासाठी ही सोय उत्तम आहे. कॅन ओळखण्यासाठी मात्र ती जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि हे ध्यानात न घेता तिथे जाणाऱ्याची दिशाभूल होण्याचाच संभव अधिक.

तिचा खरा उपयोग ‘बिली बिअर’च्या बाबतीत दिसतो. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे बंधू बिली यांच्या नावाने ही बिअर 1977 मध्ये बाजारात आली, लोकांनी पुढेमागे सोने होईल या आशेने तिचे कॅन माळ्यावर जपून ठेवले, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे ते आजही मुबलक आहेत. साध्या शोधात याच कॅनसाठी शेकडो डॉलर मागणारे महाभाग सापडतात. विकलेल्या वस्तूंची यादी उघडली की आकडे झटकन काही डॉलरांवर येतात. घरातील वडीलधाऱ्यांशी याविषयी वाद घालण्यापेक्षा ती यादी दाखवणे सोपे.

ओळख पटवण्याचे काम मात्र आपले आपणच करावे लागते, कारण विक्रेत्यांनी मथळ्यात लिहिलेली दशके बऱ्याचदा अंदाजपंचे असतात. नेवार्कच्या क्रूगर कंपनीची कॅनमधील बिअर 24 जानेवारी 1935 रोजी व्हर्जिनियातील रिचमंड येथे प्रथम विक्रीस आली, आणि त्यानंतरचा काळ कॅनच्या अंगावरच लिहिलेला असतो. ‘इंटरनल रेव्हेन्यू टॅक्स पेड’ ही कर भरल्याची ओळ छापलेली असेल, तर कॅन सामान्यतः 1950 पूर्वीचा. निमुळत्या तोंडाचा आणि बाटलीसारखे बूच लावलेला ‘कोन टॉप’ असेल, तर त्याला मागणी अधिक. ओढून काढायची पट्टी 1962-63 पासून आली, आणि डब्यालाच चिकटून राहणारी पट्टी 1975 नंतर. सरकारी आरोग्य-इशारा असलेला कॅन 1989 च्या अखेरीपूर्वीचा असूच शकत नाही, मग विक्रेता त्याला कितीही ‘दुर्मीळ’ म्हणो.

न्यू जर्सीतील आमच्या जुन्या घराच्या तळघराचे छत उतरवताना तुळईवर सुताराने ठेवलेला बॅलंटाइन बिअरचा एक कॅन सापडला, त्यावर ही सोय मी पारखून पाहिली. पुढच्या बाजूस एकमेकांत गुंतलेली तीन कडी, पत्र्याला उभा सांधा, सपाट झाकणावर ओपनरने पाडलेली दोन त्रिकोणी भोके, आणि कराची ओळ कुठेच नाही. म्हणजे साधारण 1950 ते 1960 च्या दशकाचा मध्य. एवढे ठरवल्यावरच शोधात ‘फ्लॅट टॉप’ (सपाट झाकणाचा कॅन) हे शब्द घालता आले आणि निकाल आटोक्यात आले. बॅलंटाइनने नेवार्कमध्ये अमाप माल काढला असल्यामुळे या सर्वसाधारण नमुन्याचे बरे कॅनही वीस-पंचवीस डॉलरांच्या पुढे क्वचितच गेलेले दिसले. माझ्या कॅनला तळाशी गंज असून एका बाजूस पोचा आहे, शिवाय तो वरून उघडलेला आहे. संग्राहकांना कॅन तळातून उघडलेला हवा असतो, कारण मांडणीत ठेवल्यावर झाकण अखंड दिसते. तेव्हा माझ्या कॅनचे त्याहून बरेच कमी येतील, हे उघड आहे.

स्थितीच्या बाबतीत यादीतील छायाचित्रांवर फार विसंबू नये. संग्राहक गंज काढण्यासाठी ऑक्झॅलिक आम्ल वापरतात, काही जण वर पारदर्शक लेप देतात किंवा उडालेला रंग भरतात. अशा डागडुजीने किंमत उतरते, पण पुढून काढलेल्या एकाच छायाचित्रात ती ओळखू येत नाही. ज्या विक्रीत झाकण, तळ आणि सांध्याची बाजू दाखवलेली आहे, तेवढ्याच विक्रीशी आपल्या कॅनची तुलना करावी.

आणखी दोन उणिवा सांगायला हव्यात. साध्या शोधात सुमारे 90 दिवसांतील व्यवहारच दिसतात, त्यामुळे वर्षातून एखाद्या वेळीच विक्रीला येणाऱ्या कॅनबद्दल हाती काहीच लागत नाही. दुसरे असे की घासाघीस करून ठरलेल्या सौद्यात मूळ मागणीच्या आकड्यावर रेघ मारलेली दिसते आणि खरी रक्कम झाकलेली राहते. नवखा माणूस तोच आकडा भाव समजतो. म्हणून किमान पाच-सहा विक्री पाहाव्यात आणि त्यांत बोली लावून झालेल्या लिलावांना अधिक वजन द्यावे.

नेहमीच्या कॅनसाठी एवढे पुरेसे आहे. कोन टॉप किंवा 1950 पूर्वीचा सुस्थितीतील कॅन हाती लागला, तर 1970 मध्ये सेंट लुईस परिसरात सुरू झालेल्या आणि आज ‘ब्रुअरी कलेक्टिबल्स क्लब ऑफ अमेरिका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या जाणकार सभासदांना तो दाखवावा, आणि तोवर त्याला पाणी, साबण किंवा घासणी यांपैकी काहीही लावू नये. स्वतः विकायचा असल्यास दिसणाऱ्या भावातून ई-बेची दलाली वजा करावी आणि टपालखर्च कोणी सोसला हे पाहावे. पाच डॉलरच्या कॅनमागे एवढा खटाटोप परवडत नाही.