छापील पाऊच की साधं पाऊच आणि लेबल?

जुन्या घरगुती खाद्यव्यवसायाचं रूप बदलताना आधी लेबलच घ्यावं. छापील पाऊचसाठीच्या ग्रॅव्ह्युअर छपाईत (कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईत) प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर लागतो. घटकयादीतला एक शब्द बदलला तरी त्या रंगाचा सिलिंडर नवा आणि पाऊचच्या छापील प्लॅस्टिकचा उरलेला रोल रद्दीत. लेबलला तेल मात्र सोसत नाही. माल भरल्यावर तेलकट हातांनी चिकटवलं की कडा सुटतात. म्हणून ते रिकाम्या, कोरड्या पाऊचवर, सीलच्या पट्टीपासून 10 मिमी खाली लावा. खप आणि मजकूर स्थिरावला की छापील रोल घ्या, दिसायला तोच उजवा. टिकाऊपणा छपाईवर नाही, थरांवर ठरतो: तळलेल्या पदार्थाला मेटलाइज्ड (धातूचा पातळ मुलामा दिलेला) थर छापील आणि साध्या, दोन्ही पाऊचमध्ये हवा. जुनं बोधचिन्ह पुसू नका. बारीक नक्षी लहान आकारात शाईने भरून जाते, म्हणून ती काढून रेषा जाड करा.