मेश घ्यावं की केबलवरचे ॲक्सेस पॉइंट?

एका राउटरची वाय-फाय रेंज घरभर पुरत नसेल, तर दोन रस्ते आहेत: मेश किट (एकमेकांशी बिनतारी जोडलेल्या वाय-फाय युनिटांचा संच) घ्यायचं, किंवा केबल ओढून वेगळे ॲक्सेस पॉइंट (केबलवरून आलेलं नेट वाय-फायने देणारी उपकरणं) लावायचे.

मेशची मांडणी सोपी. मुख्य युनिट मोडेमला जोडा, बाकीची प्लगला लावा, उरलेलं काम मोबाइलमधल्या ॲपवर. भिंती फोडाव्या लागत नाहीत, म्हणून भाड्याच्या घरात मेशच बरं. अडचण वेगाची आहे. ड्युअल-बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांच्या) मेशमध्ये तुमचा डेटा आणि युनिटांची आपसातली देवाणघेवाण बऱ्याचदा एकाच रेडिओवर चालते. दोघांना आळीपाळीने वेळ मिळतो, त्यामुळे अशा प्रत्येक टप्प्यावर वेग साधारण निम्मा होतो. ट्राय-बँडमध्ये (तीन पट्ट्या) युनिटांच्या आपसातल्या वाहतुकीसाठी वेगळा बँड ठेवता येतो आणि फरक जाणवतो. तरीही दूरचं युनिट रेंज नसलेल्या खोलीत ठेवू नका, तिच्या अलीकडे ठेवा. त्यालाच सिग्नल मिळाला नाही, तर ते पुढे काय देणार?

केबलवर ही गळती नाही. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग देते, आणि स्विच (अनेक केबल जोडायची पेटी) आणि ॲक्सेस पॉइंट दोन्ही पीओईवाले (नेटवर्क केबलमधून वीज देणारे-घेणारे) असतील तर वीजही त्याच केबलमधून जाते. सगळीकडे नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, २.४ गिगाहर्ट्झवर मात्र शेजारशेजारच्या पॉइंटना १, ६, ११ असे वेगळे चॅनल (त्या पट्टीतले उपभाग) द्या, म्हणजे ते एकमेकांच्या आड येणार नाहीत.

घर स्वतःचं असेल आणि वायरिंगचं काम निघणारच असेल, तर मी ठामपणे केबल सुचवेन. मेश आधीच घेतलं असेल, तरी बऱ्याच किटची युनिटं केबलनेही जोडता येतात. जिथे केबल पोचते, तिथे ती जोडाच.