पोलीस ठाण्यातला महिला मदत कक्ष : टेबल नवं, शाई संपलेली

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुलगी कंपनीत सेकंड शिफ्टला जाते. रात्री कंपनीची बस तिला मोठ्या रस्त्यावर सोडते, तिथून पुढे पायी. त्या पायी टप्प्यात एक मोटरसायकलवाला मागे लागला. आधी नुसती गाडी हळू घ्यायचा, मग नाव विचारायला लागला, मग कुठून तरी नंबर मिळवून मेसेज सुरू. तिने स्पष्ट नाही म्हटलं तरी थांबेना. एका रात्री तिने ११२ लावला आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ठाण्यात गेलो. त्या दोन्ही सेवांबद्दल लिहिते आहे. ठाण्याचं नाव देत नाही. नाशिक शहर आयुक्तालयातलं आहे, एवढं पुरे.

माझी सगळी नोकरी जिल्हा कोषागारात झाली, हे आधीच सांगून ठेवते. पोलिसांची बिलं वर्षानुवर्षं माझ्या टेबलावरून पास झाली. त्यामुळे सरकारी कचेरीत शिरले की माझं लक्ष आधी फर्निचरवर रंगवलेल्या डेडस्टॉक नंबरकडे, म्हणजे सरकारी वस्तूंच्या नोंदवहीतल्या क्रमांकाकडे जातं. सवय आहे, जात नाही.

११२ बद्दल थोडक्यात, कारण तिथे तक्रारीला जागा कमी. फोन लगेच उचलला, पलीकडची बाई मराठीत आणि न वैतागता बोलली. महाराष्ट्रातले हे कॉल नवी मुंबईत महापेला किंवा नागपूरला घेतले जातात आणि तिथून जवळच्या गाडीतल्या स्क्रीनवर जातात. त्यामुळे ‘पाण्याच्या टाकीच्या मागे’ हे बाईला कळत नाही. चौकाचं किंवा शाळेचं नाव नीट सांगायला लागतं. गाडी आली तोवर तो पसार झाला होता. आलेल्या दोघांनी गाडीचा नंबर लिहून घेतला, मुलीला दारापर्यंत सोडलं आणि मला म्हणाले, “मावशी, उद्या ठाण्यात येऊन लेखी द्या, नाहीतर हे इथेच राहील.” पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो त्यांनी मुलीला “एवढ्या रात्री कशाला ड्युटी घेता” असं विचारलं म्हणून. शिफ्ट ती ठरवत नाही, कंपनी ठरवते.

आता कक्ष. आत गेल्यावर डाव्या हाताला काचेची केबिन, वर पाटी, आत टेबल, चार खुर्च्या, एक छोटा सोफा, कपाट, संगणक, प्रिंटर. सगळं स्वच्छ आणि सगळ्यावर नंबर. खुर्चीत मात्र कुणी नाही. महिला हवालदार बंदोबस्ताला गेल्या होत्या. त्यामुळे आम्हाला ठाणे अंमलदारांसमोरच्या बाकावर बसवलं. शेजारी अपघाताच्या पंचनाम्यासाठी आलेले दोघे, हरवलेल्या पाकिटाची तक्रार घेऊन आलेला एक कॉलेजचा पोरगा आणि तावातावाने भांडणारे दोन भाऊ. मुलीने मेसेज वाचून दाखवायचे ते या सगळ्यांच्या समोर. ती बोलेचना. रिकामी केबिन समोर दिसत होती. “आत बसून सांगू का?” असं मी विचारलं, तर म्हणे किल्ली मॅडमकडे.

अंमलदार माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. पण त्यांची पहिली दोन वाक्यं ऐका. एक, “ती हद्द आमच्याकडे येत नाही.” दोन, “एनसी करून घेऊ, पुढे बघू.” एनसी म्हणजे अदखलपात्र म्हणून नुसती नोंद. पहिलं आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असो, माहिती घ्यावीच लागते. दुसरंही चालत नाही. बाईचा पाठलाग करणं आणि तिने नकार देऊनही संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खालचा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे एफआयआर घेऊन तपास करायचा. मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, “मॅडमना येऊ द्या.” हे त्यांचं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य.

मॅडम आल्या आणि ठाणंच बदलल्यासारखं झालं. केबिन उघडली, दार लावलं, मुलीला पाणी दिलं. मला बाहेर बसवायच्या आधी तिलाच विचारलं, “काकू आत असलेल्या चालतील ना?” मेसेजचे स्क्रीनशॉट कसे ठेवायचे, मूळ मेसेज का डिलीट करायचे नाहीत, बसमधल्या कोणी त्याला पाहिलंय का, असे प्रश्न मॅडमनी सरळ विचारले. जबाब लिहून झाल्यावर पूर्ण वाचून दाखवला. ‘इसम’ आणि ‘सदर’ने भरलेल्या पोलिसी मराठीत मुलीचं बोलणं कुठे हरवलं असेल तर ते दुरुस्त केलं. एकदाही “तू काय कपडे” वगैरे नाही. या बाईला पाचपैकी सहा देता आले असते तर दिले असते.

मग छापायची वेळ आली आणि प्रिंटरची शाई संपलेली.

इथे माझ्या कोषागारी डोक्याला राहवेना. हे कक्ष निर्भया निधीतले. २०१३-१४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात १,००० कोटींनी हा निधी सुरू झाला, आणि पुढे त्यातून देशातल्या १०,००० ठाण्यांतल्या मदत कक्षांसाठी १०० कोटी मंजूर झाले. म्हणजे कक्षामागे एक लाख. एक लाखात टेबल, खुर्च्या, संगणक, प्रिंटर बसतो, मार्चच्या आत बिल होतं, पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र जातं, फोटो जातो. ११२ लाही याच निधीची मदत आहे. त्याहून मोठी रक्कम पोलीस आधुनिकीकरणाची: २०२१-२२ ते २०२५-२६ साठी एकत्रित योजनेला २६,२७५ कोटी, त्यातले राज्य पोलिसांच्या आधुनिकीकरणाला ४,८४६ कोटी. महाराष्ट्राला केंद्राचे साठ आणि राज्याचे चाळीस टक्के. शिवाय जिल्हा नियोजन समिती गाड्या देते, आणि हार घातलेल्या त्या गाड्यांचे फोटो आपण पेपरात बघतोच.

हे सगळं वस्तू आणतं. सरकारी हिशोबात प्रत्येक प्रकारच्या खर्चाला एक क्रमांक असतो, त्याला उद्दिष्ट शीर्ष म्हणतात. यंत्रसामग्रीचं ५२, मोटारीचं ५१. पण प्रिंटरची शाई १३ मध्ये, म्हणजे कार्यालयीन खर्चात, आणि त्याच १३ मध्ये कागद, फायली सगळे रांगेत उभे. गाडीचं डिझेल २४ मध्ये. कक्षात बसणारी बाई ०१ मध्ये, वेतनात. कक्ष मंजूर झाला म्हणून तिच्यासाठी वेगळं पद मंजूर होतंच असं नाही. असलेल्या बळातूनच कुणाला तरी तिथे बसवतात, आणि मोर्चा निघाला, मंत्री आला, गणपती आले की तिलाच उठवतात. लग्नात मिक्सर आहेर म्हणून येतो, वीजबिल कुणी आहेरात देत नाही, तसंच. मी टेबलापलीकडे होते तेव्हा ‘५२ मध्ये शिल्लक, १३ मध्ये खडखडाट’ अशी विवरणपत्रं कितीदा पाहिली, आणि ५२ चे पैसे १३ कडे वळवायचे तर वरची मंजुरी लागते. ती येईस्तोवर मार्च उलटतो.

शाई नाही म्हणून काय होतं ते सांगते. मॅडम म्हणाल्या, “पेन ड्राइव्हवर देते, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणता का?” एका मुलीचा असा जबाब रस्त्यापलीकडच्या दुकानातल्या संगणकावर उघडायचा! मी नाही म्हटलं. मॅडमनाही ते पटत नव्हतंच. शेवटी त्यांनी साहेबांच्या केबिनमधला प्रिंटर वापरला, त्यासाठी साहेब जेवून येईपर्यंत थांबलो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तीही कलम १७३ मध्येच आहे, सही-शिक्क्याची घेऊनच निघा. “पोर्टलवर (पोलिसांच्या वेबसाइटवर) बघा” असं कुणी म्हटलं तर लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील प्रकरणांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच ते वगळलेत. म्हणजे ज्या बायकांसाठी हा कक्ष काढला, नेमक्या त्यांनाच कागदी प्रत लागते, आणि त्याच कक्षात कागद छापता येत नाही.

सिंहस्थ तोंडावर आहे. २०१५ च्या सिंहस्थात बंदोबस्ताच्या बिलांचे गठ्ठे मी पाहिलेत. आताही कॅमेरे येतील, गाड्या येतील, कंट्रोल रूममध्ये नव्या भिंतीएवढ्या स्क्रीन लागतील, आणि आलेच पाहिजेत. पण पर्वणीच्या दिवशी घाटावर उभी राहणारी महिला पोलीस याच काचेच्या केबिनींतून जाणार. तेव्हा केबिनची किल्ली निदान ठाण्यातच ठेवा, एवढी मागणी मी लेखी देऊन आले आहे. शाईच्या काडतुसासाठी वर्गणीही देऊ केली. मॅडम हसल्या, म्हणाल्या, “घेता येत नाही हो, मावशी.” बरोबर आहे, घेता येत नाही.

एकूण गुण देत नाही, ते एका आकड्यात बसत नाहीत. तुम्हाला जायचं असेल तर आधी ठाण्याला फोन करून विचारा, कक्षाच्या मॅडम आहेत का आणि किती वाजेपर्यंत. स्क्रीनशॉट छापूनच न्या. आमच्या प्रकरणात त्या माणसाला बोलावून नोटीस दिली गेली आणि मेसेज बंद झालेत. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं असतं, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. ते अजून आलेलं नाही. आलं की इथेच खाली लिहीन, छापील आलं की तोंडी, तेही.