लॉकवाली कचरापेटी, कपाटाची लॉकं, मझल (कुत्र्याचं मुसकं), खेळणी: चतुर्थीपासून वापरतोय, काय टिकलं आणि काय फुकट गेलं

आमच्याकडे ब्रूनो नावाचा लॅब्राडोर आणि पिंकी नावाची मांजर आहे, फोंड्याच्या बाजूला जुनं घर, मागे परसू, आणि घरात माणसं भरपूर म्हणजे वस्तू इकडे तिकडे पडलेल्या असणारच. गेल्या वर्षी मे महिन्यात शेजारच्या कुत्र्याच्या आतड्यातून मानकुराद आंब्याची बाठ (कोय) ऑपरेशन करून काढावी लागली, ते ऐकून आमच्या घरात सगळ्यांची तंतरली आणि चतुर्थीच्या आधी आम्ही एकदमच बरीच खरेदी केली. आता चतुर्थी, दिवाळी, नाताळ, आंबे सगळं होऊन पुन्हा पाऊस लागलाय, म्हणून लिहिते. कंपन्यांची नावं देत नाही, कारण सेम वस्तू चार नावांनी विकतात.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. कुत्र्यासाठी आणि मांजरासाठी एकच उपाय शोधू नका. कुत्रा वासाच्या मागे जातो, मांजर हलणाऱ्या दोऱ्याच्या मागे. ब्रूनोला कचरापेटी दिसते, पिंकीला ती दिसतही नाही, तिला आईंचा (सासूबाईंचा) फुलं ओवायचा दोरा दिसतो. हे कळलं असतं तर निम्म्या वस्तू घेतल्याच नसत्या.

सगळ्यात कामाची निघाली ती कचरापेटी. स्टीलची, पेडलवाली, झाकणाला पुढे सरकवायची कडी. दोन हजारांच्या आसपास पडली, आमचे हे म्हणाले कचऱ्याला एवढे पैसे? पण पैसे वसूल. ब्रूनो पेडलवर पाय मारायला दोन-तीन आठवड्यांत शिकला, खरंच शिकला, मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते, पाय दाबायचा आणि झाकण वर आलं की नाक आत, पण कडी लावलेली असली की झाकण बोटभर हलतं आणि थांबतं. मग त्याने पेटी आडवी पाडायला सुरुवात केली तेव्हा ह्यांनी तळाशी अर्धा चिरा (जांभा दगड) ठेवला आणि वरून आतली बादली, त्यानंतर हललीच नाही. तोटा म्हणजे पावसात तळाला गंज धरतो, स्टेनलेस लिहिलेलं असलं तरी, आणि कडी लावायची आठवण घरातल्या प्रत्येकाला हवी, पाहुण्यांना तर नसतेच.

ओल्या कचऱ्यात खरं धोक्याचं काय असतं ते मला डॉक्टरांकडून कळलं. मला वाटायचं काच, ब्लेड वगैरे. ते म्हणाले त्यांच्याकडे येतात ते बाठ, मक्याच्या कणसाचं बुरकूंड, शिजवलेली हाडं आणि कपडे. बुरकूंड पोटात विरघळत नाही, कुत्रा दोन-तीन तुकडे करून गिळतो आणि तो तुकडा लहान आतड्यात बुचासारखा बसतो. बाठीचंही तेच, बुळबुळीत असते म्हणून घशातून सटकन जाते, पुढे अडकते. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या होतात आणि त्या टोकदार असतात. आता पावसात रस्त्यावर भाजलेली कणसं मिळतात, लोक खाऊन बुरकूंड तिथेच टाकतात, तेव्हा फिरवतानाही नजर ठेवा. आणि मार्च ते मे परसात काजूच्या कच्च्या बिया पडलेल्या असतील तर त्या उचला, त्याच्या सालीतलं तेल आपल्या हाताला फोड आणतं तर कुत्र्याच्या जिभेचं काय होईल.

सुक्या कचऱ्याचा प्रश्न वेगळा. आमच्या वाड्यावर सुका कचरा न्यायला गाडी रोज येत नाही, म्हणजे पिशवी घरात पडून राहते आणि त्यातच मासळीचं प्लास्टिक, पॅड्स, फॉइल. ह्यासाठी वेगळी पेटी घेतली नाही, जुन्या तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात टाकतो, झाकण घट्ट बसतं, खर्च शून्य.

कपाटाची चाइल्ड लॉकं, पांढरी, डबल टेपने चिकटवायची, ती साफ फसली. गोव्याच्या दमट हवेत जुन्या लाकडावर टेप धरत नाही, पहिल्या जोराच्या पावसातच खाली आली, आणि खाली पडलेला प्लास्टिकचा तुकडा हीच कुत्र्याने चघळायची वस्तू झाली! हार्डवेअरच्या दुकानातून साध्या कड्या आणून स्क्रूने बसवल्या. त्या कपाटात फिनाइल, उंदराचं औषध आणि डांबरगोळ्या असतात, पावसात कपड्यात घालतो त्या. ह्या गोळ्या कुत्रा-मांजर दोघांनाही विषारी. नव्या चपलांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी मात्र सहसा विषारी नसते, तिच्यामुळे घाबरून जाऊ नका, लहान कुत्र्याने पुडीसकट गिळली तर अडकण्याचा प्रश्न असतो तेवढाच.

आता खेळणी. चार प्रकार घेतले, एक राहिलं. शिट्टीवालं मऊ खेळणं एका संध्याकाळीच फाडलं, कापूस सगळा बाहेर, शिट्टी मी तोंडातून काढून घेतली. दोरखंडाचं खेळणं महिनाभर बरं वाटलं, मग धागे सुटायला लागले आणि तो ते चघळून गिळतोय असं दिसलं तसं फेकून दिलं. शिंग म्हणून विकतात ते इतकं टणक की दात तुटायची भीती, डॉक्टरांनी सांगितलेली सोपी टेस्ट म्हणजे अंगठ्याचं नख दाबून बघा, थोडीसुद्धा खूण उमटत नसेल तर ते दातासाठी जास्त कडक. टिकलं ते जाड रबराचं पोकळ खेळणं, मोठ्या साइजचं. त्यात पेज आणि केळं भरून फ्रीजरमध्ये ठेवते आणि आम्ही जेवायला बसलो की देते, अर्धा-पाऊण तास तो गप्प. साइज घेताना कुत्र्याच्या जबड्यात पूर्ण मावणार नाही एवढं मोठं घ्या, वजनाचा तक्ता बघत बसू नका. कडेचा तुकडा निघालेला दिसला की बदलायचं, "अजून चालेल" म्हणायचं नाही.

लॅब्राडोरवाल्यांनो, तुमचा कुत्रा जेवून पाच मिनिटांत पुन्हा उपाशी असल्यासारखा बघत असेल तर तो सगळाच नाटकी नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा एक तुकडा गायब असतो आणि त्यामुळे पोट भरल्याचा सिग्नल नीट पोचत नाही. आमच्या ब्रूनोची टेस्ट कोणी केलेली नाही, पण आई आता त्याला हावरट म्हणत नाहीत, "आजारी आहे बिचारा" म्हणून जास्तीची भाकरी घालतात, तो वेगळाच वैताग.

पिंकीसाठी विकत घेतलेलं काहीच कामाला आलं नाही. कामाला आला तो बिस्किटांचा जुना गोल पत्र्याचा डबा. आईंचा सुई-दोरा, आबोलीची फाती (वेणी) करायचा दोरा, केळीचा सोप (धागा), माझे केसांचे रबर, राख्या, सगळं त्यात. मांजराच्या जिभेवरचे काटे आतल्या बाजूला वळलेले असतात, एकदा दोरा जिभेवर बसला की तिला थुंकता येत नाही, फक्त आत ढकलता येतो. आणि त्याचं एक टोक जिभेखाली गुंतलं किंवा पोटात अडकलं की बाकीचा दोरा आतड्यात पुढे जात राहतो, मग नाडी ओढल्यावर परकर चुणतो तसं आतडं चुणतं आणि दोरा त्याला आतून कापत जातो. म्हणून दोरा तोंडातून लोंबत असो नाहीतर मागून, ओढायचा नाही. डिसेंबरात नाताळचा स्टार लावताना पिंकीच्या ओठातून वीतभर लाल दोरा लोंबताना दिसला, मुलगा ओढायलाच निघाला होता, आई ओरडल्या, "हात लावू नको रे, आधी डॉक्टरला फोन कर!" डॉक्टरांनी तोंड उघडून जिभेखाली बघितलं, सुदैवाने गुंतलेला नव्हता आणि फार आत गेलेला नव्हता, त्यांनीच काढला. चतुर्थीत माटोळीचे (गणपतीवर टांगतात त्या फळा-पानांच्या चौकटीचे) दोर आणि डेकोरेशनच्या झिरमिळ्या असतात, त्या दिवसांत पिंकी देवाच्या खोलीत नाही म्हणजे नाही. पिसं बांधलेली काठी-दोरीची खेळणी मिळतात ना मांजरांची, चांगली आहेत, पण खेळून झालं की कपाटात, जमिनीवर सोडायची नाहीत.

नाताळच्या एलईडी मेणबत्त्या, गाडीची किल्ली, वजनकाटा ह्यात ती नाण्यासारखी चपटी बॅटरी असते, बहुतेक वेळा सीआर २०३२, २० मिलिमीटरची. ही गिळली तर ऑपरेशनचा विचार करायलाही वेळ कमी असतो, कारण अन्ननलिकेत ओल्या जागी अडकली की करंट वाहतो, त्या जागी क्षार तयार होतो आणि १५-३० मिनिटांत जळायला सुरुवात होते. बॅटरीची झाकणं स्क्रूवाली असलेल्याच वस्तू घेतो आता. फ्रीजवरची छोटी गोल मॅग्नेटंही काढली, एक गिळलं तर एक वेळ निघून जाईल, दोन गिळली तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटतात आणि मधली भिंत कुजून भोक पडतं.

मझलबद्दल लोक खूप विचारतात. जाळीचं, म्हणजे बास्केट मझल घेतलं, बीचवर नेताना घालतो, कारण तिथे गरी (गळ), मासेमारीची लाइन, मेलेले केंड मासे पडलेले असतात आणि केंड विषारी असतो हे खारवी माणसाला सांगायला लागत नाही. ह्यात कुत्रा धापा टाकू शकतो, पाणी पिऊ शकतो. कापडी पट्ट्याचं, तोंड बंद करणारं मझल गोव्याच्या उकाड्यात अजिबात नको, धाप टाकता आली नाही तर कुत्र्याचं अंग तापतं. सवय लावायला वेळ लागला, आत केळ्याचा तुकडा ठेवून त्याला स्वतः नाक घालू द्यायचं. आणि मझल घालून घरात एकटं सोडायचं नाही, मऊ कापड तो जाळीतूनही ओढून घेतो.

मोजे हा आमचा कायमचा प्रॉब्लेम, पावसात कपडे घरात वाळत घालतो ना. सुरुवातीला सगळे त्याच्या मागे धावायचे, मग तो घाईत गिळायला बघायचा. आता त्याच्या मागे धावत नाही, "सोड" म्हणायचं आणि सुक्या बांगड्याचा छोटा तुकडा पुढे करायचा. पैसे देऊन घेतलेल्या बऱ्याच वस्तूंपेक्षा हा बांगडा जास्त चालला.

काही गिळल्याचा संशय आला तर शेजारपाजारचे उलटी व्हावी म्हणून "मीठपाणी पाज" म्हणतील. पाजू नका, मिठाचंच विष होतं. हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी करवायचे व्हिडिओ बाहेरच्या देशांतल्या लोकांचे असतात, त्यात ३ टक्क्यांचं सांगतात, आपल्याकडे केमिस्ट देतो ते बहुतेक ६ टक्क्यांचं, आणि मांजराला तर ते कधीच द्यायचं नसतं. टोकदार वस्तू, बॅटरी, ॲसिड, फिनाइल ह्यात उलटी करवली तर वर येताना पुन्हा जखम. डॉक्टरांना फोन करायचा, किती वाजता गिळलं ते सांगायचं आणि तसलीच दुसरी वस्तू किंवा रॅपर बरोबर न्यायचं, कारण एक्स-रेमध्ये धातू आणि हाड दिसतं, कापड, दोरा, पातळ प्लास्टिक नीट दिसत नाही, मग सोनोग्राफी लागते. सारखी उलटी, जेवण सोडणं, शी न होणं, पुढचे पाय खाली टेकून मागचा भाग वर ठेवून राहणं, ह्यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. तुमच्या भागात रात्री कोण उचलतं फोन ते आजच विचारून ठेवा, आम्हाला चार नंबर फिरवावे लागले होते.

पुन्हा घ्यायचं झालं तर कचरापेटी, रबरी खेळणं आणि जाळीचं मझल, एवढंच घेईन. फक्त पेटी घेताना उलटी करून पेडलचा दांडा बघा, आमच्यात तो प्लास्टिकच्या पिनवर आहे, गेल्या महिन्यात पिन तुटली आणि सुटा पार्ट मिळत नाही म्हणतात, सध्या सायकलच्या स्पोकचा तुकडा घालून चालवतोय. स्टीलची पिन असलेली शे-दोनशे जास्त पडली तरी तीच घ्या.