निळी डबी की काळी? साधी ब्लू-रे आणि फोर-के डिस्क, दोन्ही वापरून झाल्यावर

माझ्या कपाटात अकरा चित्रपट दोन-दोनदा आहेत. एकदा निळ्या डबीत, एकदा काळ्या. निळी म्हणजे साधी ब्लू-रे, १०८० ओळींच्या चित्राची डिस्क. काळी म्हणजे फोर-के, त्याच्या चौपट ठिपक्यांची. काळी आली की निळी कुणाला तरी देऊन टाकायची, असं सुरुवातीला ठरवलं होतं. चार वर्षं झाली, एकही निळी डबी घराबाहेर गेलेली नाही. उलट रविवारी दुपारी हात तिच्याकडेच जातो. सध्या जे या दोन रंगांमध्ये अडकलेत त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहितोय. मीटर लावून काही मोजलेलं नाही. डोळ्यांना आणि कानांना जे जाणवलं तेवढंच सांगतो.

रिझोल्यूशन किती, कोडेक कोणता, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. स्ट्रीमिंगचा विषयही बाजूला ठेवतो, कारण डिस्क घ्यायची हे तुमचं ठरलेलं आहे. फक्त माझं घर कसं आहे ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ठाण्यातला फ्लॅट, हॉलला पश्चिमेची बाल्कनी. ५५ इंची एलईडी टीव्ही, मधल्या किमतीचा, ओएलईडी (ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो किंवा पूर्ण काळा होतो) नाही. सोफा भिंतीला टेकलेला, टीव्हीपासून साडेनऊ फुटांवर. आवाजासाठी रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर) आणि पाच स्पीकर, एक सबवूफर.

सगळे ज्याबद्दल आधी विचारतात तो रेखीवपणा माझ्या घरी जवळजवळ निकालात निघतो. ५५ इंची टीव्हीवर साधारण सात फुटांच्या पलीकडे बसलात, तर १०८० ओळींचे ठिपकेही चांगल्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. त्याहून बारीक ठिपके साडेनऊ फुटांवरून दिसायचा प्रश्नच येत नाही. त्यात गेल्या वीसेक वर्षांतल्या कितीतरी चित्रपटांचं अंतिम डिजिटल मास्टर, म्हणजे जिच्यावरून बाकीच्या प्रती निघतात ती मूळ प्रत, २के मध्येच, म्हणजे साधारण १०८० ओळींतच झालेलं आहे. त्यांची फोर-के डिस्क म्हणजे तेच मास्टर मोठं करून दिलेलं. तुमच्याकडे प्रोजेक्टर असेल, किंवा ७५ इंची टीव्हीसमोर सात-आठ फुटांवर बसत असाल, तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नाही.

फोर-के डिस्कचा खरा जोर आहे एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड आणि रंग यांच्या आवाक्यात. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या दोन्ही डिस्क माझ्याकडे आहेत. १९६२ चा चित्रपट, ६५ मिमी निगेटिव्हवर, म्हणजे नेहमीच्या ३५ मिमीपेक्षा रुंद फिल्मवर घेतलेला. ते निगेटिव्ह ८के मध्ये स्कॅन करून फोर-के मध्ये दुरुस्त केलं गेलं. २०१२ ची ब्लू-रे आणि २०२० ची फोर-के, दोन्ही त्याच कामातून आलेल्या, म्हणून तुलनेला यापेक्षा चांगली जोडी मला सापडली नाही. रात्री अकराला, सगळे दिवे मालवून फोर-के लावली की वाळवंटातलं ऊन डोळ्यांवर येतं. वाळूच्या एकाच पिवळ्यात पाच पिवळे दिसायला लागतात. आकाश आणि वाळू जिथे मिळतात तिथली थरथरणारी हवासुद्धा जास्त खरी वाटते. ब्लू-रे त्यापुढे किंचित सपाट आहे. हे मी मनापासून मान्य करतो. अशा रात्री काळी डबीच काढावी.

पण माझ्या घरी चित्रपट रात्री अकराला फारसे लागत नाहीत. ते लागतात रविवारी, जेवणं उरकल्यावर, आईसोबत. आई सत्तरी ओलांडलेली आहे. तिला चित्रपट मनापासून आवडतात, रात्री मात्र ती दहाला झोपते. बाल्कनीच्या दाराला पातळ पडदा आहे. जाड लावला तर हॉलमध्ये वारा येत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये ते सहन होण्यासारखं नसतं. अशा एका रविवारी मी मोठ्या हौसेने एक ऐतिहासिक चित्रपट लावला, नवीन आलेली फोर-के. पहिला अर्धा तास दरबार, मेणबत्त्या, दगडी भिंती. दहाव्या मिनिटाला आई म्हणाली, “अरे, कोण बोलतंय ते दिसतच नाहीये. तोंड कुठंय त्याचं?” मी ब्राइटनेस वाढवला, काळा रंग राखाडी झाला. कॉन्ट्रास्ट वाढवला, काही झालं नाही. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा उजेड, वाढवायला गेलो तर ती आधीच शंभरावर. पंधराव्या मिनिटाला आई म्हणाली, “तू बघ, मी जरा पडते,” आणि आत गेली.

त्या दुपारी मी तोच चित्रपट निळ्या डबीतून लावला. बॅकलाइट वर नेली, तोंडं दिसली, आईला हाक मारली.

हे का होतं ते नंतर समजून घेतलं, आणि तेव्हापासून माझा निर्णय बदललेला नाही. साध्या ब्लू-रेचं चित्र सुमारे १०० निट्स (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड धरून तयार होतं, पण तो उजेड सापेक्ष असतो. पांढरा म्हणजे किती पांढरा, ते तुमचा टीव्ही ठरवतो. टीव्ही साडेतीनशे निट्स देऊ शकत असेल, तर दुपारी सगळं चित्र तिप्पट उजळ करून पाहता येतं, सावल्यांसकट. एचडीआरचं तसं नाही. तिथे डिस्कवरचा प्रत्येक आकडा ठरावीक निट्सचा असतो. मेणबत्तीपाशी बसलेल्या माणसाचा गाल पाच निट्सचा असं जर रंग ठरवणाऱ्याने त्याच्या अंधाऱ्या खोलीत ठरवलं, तर तुमच्याही घरी तो पाच निट्सचाच दिसायला हवा, बाल्कनीतून ऊन येत असलं तरीही. वर टीव्हीची बॅकलाइट एचडीआरमध्ये आधीच टोकाला गेलेली असते, त्यामुळे वाढवायला काही उरत नाही. त्यात अनेक डिस्क १००० निट्स धरून बनवलेल्या, काही तर ४००० धरून. माझ्या टीव्हीची तेवढी ताकदच नाही, म्हणून तो वरचा उजेड दाबतो, आणि दाबताना मधलंही थोडं खाली ओढतो. दोष डिस्कचा नाही, टीव्ही बनवणाऱ्याचाही नाही. माझी खोली, माझी वेळ आणि ही पद्धत यांचं जुळत नाही, एवढंच.

उपाय मी करून पाहिले. प्लेअरमधून एचडीआर साध्या चित्रात बदलून पाठवता येतं. माझ्या प्लेअरवर ते पाणी घातलेल्या दुधासारखं दिसलं. डॉल्बी व्हिजनच्या, म्हणजे दृश्यागणिक टीव्हीला सूचना देणाऱ्या एचडीआरच्या डिस्क थोड्या बऱ्या वाटल्या. खोलीतला प्रकाश ओळखून चित्र सावरणारे टीव्ही आता मिळतात, आणि ज्यांच्याकडे ते आहेत त्यांचा अनुभव माझ्यापेक्षा नक्कीच चांगला असू शकेल. पण केवळ डिस्कसाठी टीव्ही बदलणं मला पटलं नाही.

इथे एक गैरसमज होऊ शकतो की मग कुठलीही निळी डबी चालेल. तसं मुळीच नाही. उलट मला कळकळीने सांगायचंय ते हेच. डिस्क चांगली की वाईट हे डबीच्या रंगावर ठरत नाही, मास्टर कुठून आलं आणि त्याला कुणी हात लावला यावर ठरतं. फिल्मवर घेतलेल्या चित्रपटात बारीक दाणे असतात, तेच त्या चित्राचं अंग. ते पुसायचा मोह कंपन्यांना होतो आणि मग माणसं मेणाची दिसू लागतात. ‘प्रेडेटर’ची २०१० ची ब्लू-रे यासाठी बदनाम आहे: जंगलात घामाघूम झालेले सैनिक, आणि कातडी मात्र दुकानातल्या पुतळ्याची. ‘ग्लॅडिएटर’ची २००९ ची ब्लू-रे अशीच बिघडलेली होती, बोंब झाल्यावर २०१० मध्ये सुधारलेली आली. नाव तेच, रूप जवळपास तेच, आत जमीन-अस्मानाचा फरक. जुन्या डिस्क विकणाऱ्यांकडे अजूनही पहिली आवृत्ती फिरत असते, म्हणून घेताना वर्ष बघा. आणि हा रोग निळ्यापुरता नाही. २०२४ मध्ये ‘एलियन्स’ आणि ‘ट्रू लाइज’च्या फोर-के आल्या, तेव्हा चेहरे संगणकाने नको तितके घासल्याची तक्रार जगभर झाली. काळी डबी म्हणजे खात्री, असं समजू नका.

दुसरा सापळा असा की फोर-केच्या डबीत सोबत जी ब्लू-रे देतात, ती पुष्कळदा दहा-बारा वर्षं जुनी, आधीच्याच मास्टरची असते. “दोन्ही मिळतायत, दुपारी निळी पाहू” या हिशेबाने मी तीनदा फसलो. नव्या स्कॅनवरून बनवलेली ब्लू-रे स्वतंत्र मिळते का ते आधी शोधा. क्रायटेरियन, ॲरोसारख्या कंपन्या बहुधा नव्या मास्टरवरूनच दोन्ही बनवतात.

नव्या स्कॅनची ब्लू-रे किती चांगली असू शकते याचं माझ्याकडचं उदाहरण म्हणजे सत्यजित राय यांची अपू-त्रयी. तिची मूळ निगेटिव्हं १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत होरपळली. वितळून चिकटलेली, कडक झालेली ती फिल्म वर्षानुवर्षं तशीच जपून ठेवली गेली, आणि नंतर इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये तिला पुन्हा ओलावा देऊन, हाताने जोडून, फोर-के मध्ये स्कॅन केलं. क्रायटेरियनने २०१५ मध्ये ती ब्लू-रेवर आणली. फक्त १०८० ओळी, कसलंही एचडीआर नाही. आणि तरी काशफुलांमधून दोन मुलं धावतात तेव्हा एकेक तुरा वेगळा हलताना दिसतो. आईने ते दुपारी तीन वाजता पाहिलं, पडदा अर्धा उघडा होता. त्यानंतर मला फोर-के कमी पडतंय असं वाटलं नाही. आपल्या प्रभातच्या चित्रपटांना अशी डिस्क कधी मिळेल, हा विचार मात्र त्या दिवसापासून सुटत नाही.

आवाजात दोन्ही डब्या जवळजवळ बरोबरीच्या. डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ असो की डॉल्बी ट्रूएचडी, दोन्ही लॉसलेस, म्हणजे काही न गाळता साठवलेले, दोन्ही निळ्या डबीतही असतात. जुन्या चित्रपटांचं नवीन ॲटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारं) मिश्रण मात्र बहुतेक वेळा फक्त काळ्या डबीत येतं. छताला स्पीकर असतील तर तो फरक मोठा आहे. माझ्या पाच स्पीकरांवर कळला नाही, आणि दोन-तीन चित्रपटांत तर मला जुनाच ट्रॅक जास्त आवडला, कारण नव्यात संवाद संगीताखाली गेले होते. जुन्या चित्रपटाचा मूळ मोनो किंवा स्टिरिओ ट्रॅक डिस्कवर ठेवलाय का, हे मी हल्ली आधी बघतो. आणि एक व्यवहाराची गोष्ट: प्लेअर थेट टीव्हीला जोडून तिथून साध्या एआरसीने (एचडीएमआय केबलमधून टीव्हीचा आवाज बाहेर नेणारी सोय) साउंडबारला आवाज नेलात, तर लॉसलेस ट्रॅक पुढे जातच नाही. तिचीच सुधारलेली आवृत्ती, ईएआरसी हवी, नाहीतर प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडा. डिस्कवर पैसे घालून आवाज मात्र स्ट्रीमिंगच्या दर्जाचा ऐकणारी घरं मी पाहिली आहेत.

आता काळ्या डबीच्या बाजूचा सर्वात मोठा मुद्दा, जो आपल्याकडे विशेष जाणवतो. साध्या ब्लू-रेला रीजन असतो, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप. भारत सी मध्ये, अमेरिका ए, युरोप बी. फोर-के डिस्कला रीजनच नाही. अमेरिकेतून क्रायटेरियनची ब्लू-रे मागवलीत तर ती ए ला बांधलेली असते आणि इथे घेतलेल्या साध्या प्लेअरवर चालत नाही. त्याच डबीतली फोर-के मात्र निमूट चालते. माझ्याकडे सगळे रीजन चालवणारा प्लेअर आहे म्हणून मला निळीची चैन परवडते. तो नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर बाहेरून डिस्क मागवणाऱ्यासाठी काळी डबी सोपी, हे मी नाकारणार नाही. मोठ्या अमेरिकी स्टुडिओंच्या कित्येक ब्लू-रे तशा सगळीकडे चालतात, पण मागवण्यापूर्वी एकेक तपासावी लागते.

किमतीचं एवढंच सांगतो की एका फोर-केच्या पैशांत मला सहसा दोन चांगल्या ब्लू-रे येतात, आणि कस्टम लागलं तर फरक आणखी वाढतो.

काळ्या डिस्क नाजूकही वाटतात. ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, फोर-केच्या थरात सहसा ३३, आणि मोठे चित्रपट तीन थरांवर. माझ्याकडच्या दोन १०० जीबीच्या डिस्क मध्येच अडकायच्या, चित्र गोठायचं. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे पुसल्यावर एक सुधारली, एक बदलून घ्यावी लागली. निळ्या डबीने मला आजवर असं केलेलं नाही.

तर तुमचा टीव्ही ओएलईडी असेल, खोली अंधारी होत असेल आणि पाहणं रात्रीचं असेल, तर काळी घ्या. माझं ऐकून थांबू नका. बाकीच्यांना मी नव्या मास्टरची निळी सुचवेन, आणि काळी फक्त मोजक्या चित्रपटांची: ६५ मिमीवर घेतलेले, उन्हाचे, समुद्राचे, ज्यांच्यात उजेड हाच विषय आहे असे. अकरा जोड्यांपैकी माझ्या मते काळी डबी चार ठिकाणी पैसे वसूल करते.

कुठलीही घेतलीत तरी ती आल्याबरोबर कपाटात ठेवू नका. पहिल्याच आठवड्यात शेवटच्या नावांपर्यंत पूर्ण लावून बघा. आमची अडकणारी डिस्क पावणेदोन तासांनंतर अडकली होती, आणि परतीची मुदत दहा दिवसांची होती.